वासाची गाडी

बंडा मिस्त्रींनी माझी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला हातही लावला नाही. बॉनेट उघडलं नाही, चावी मागितली नाही. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका चिंचोळ्या बोळात त्यांचं पत्र्याचं शेड होतं. तिथं स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी मला एवढंच विचारलं, "वास कवा येतोय ते सांगा बाई. कुठनं येतोय ते मी बघतो."

हे ऐकून मला रडूच यायचं बाकी राहिलं. उगाच नाही. त्याआधी तीन ठिकाणी मी गाडी दाखवून आले होते. एका चकाचक सर्व्हिस सेंटरमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुलानं हसत सांगितलं होतं, "मॅडम, सगळं चेक केलंय. भास असेल तुमचा." घरी नवऱ्याचंही तेच मत. त्याचं नाक वर्षातले आठ महिने चोंदलेलं असतं, दूध उतू जाऊन करपलं तरी त्याला पत्ता लागत नाही, पण माझ्या गाडीत पेट्रोलचा वास येत नाही याबद्दल मात्र त्याची बालंबाल खात्री. वर चेष्टा, की रसायनशास्त्राच्या बाईंना पेट्रोल सापडेना. मी जयसिंगपूरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रोज कोल्हापूरहून जाऊन येऊन. वाटेतलं हातकणंगलं मागं पडेपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. मुलगी तर मागं बसायलाच तयार होत नव्हती. आणि इथं हा माणूस वास येतो हे धरूनच चालला होता.

मी सांगितलं, "सोमवारी येतो. मंगळवारी थोडा. गुरुवारपर्यंत जातो."

"टाकी कवा भरताय?"

"रविवारी संध्याकाळी."

"फुल्ल?"

"फुल्ल. वर गाडी हलवून आणखी थोडं घालून घेते."

मिस्त्री मनापासून हसले. "आपल्या मान्सान्ला मापावर शीग लागल्याबिगर भरल्यागत वाटतच न्हाय. जोंधळं हाईत व्हय ती? परवा आणा गाडी. अशीच शिगोशीग भरून आणा."

"उद्या आणू का?"

"उद्या न्हाय जमायचं. आज मी कांदा खाल्लाय."

मला वाटलं, हा माणूस माझी फिरकी घेतोय. पण परवा गाडी घेऊन गेले तेव्हा बोळाच्या तोंडावरच्या चहावाल्यानं मला अडवून विचारलं, "वासाची गाडी तुमचीच न्हवं? मग आज मिस्त्रींचा उपास तुमच्यापायी." तेव्हा कळलं. ज्या गाडीत पेट्रोलचा वास येतो तिला त्या बोळात 'वासाची गाडी' म्हणत, आणि अशी गाडी यायची असली की मिस्त्री आदल्या दिवसापासून कांदा-लसूण बंद करत. अंघोळ नुसत्या पाण्याची. डोक्याला तेल नाही, कपडे साबणाविना धुतलेले. त्या दिवशी चहावाला आल्याचा चहा शेडकडे पाठवत नसे आणि शेजारचा वेल्डिंगवाला दुपारपर्यंत काम बंद ठेवी. शेडमध्ये जोतिबाचा फोटो होता, त्याला फक्त गुलाल. उदबत्ती नाही, दिवा नाही. कुणी विचारलं तर मिस्त्री म्हणत, "द्येवाला म्हाईत हाय माझा धंदा काय हाय ते."

बुटके होते, रुंद खांद्याचे. साठी गाठलेली. गळ्यात चष्मा दोरीला बांधलेला, पण तो क्वचितच डोळ्यांवर जायचा. भर दुपारी त्यांनी माझी गाडी उन्हात नेऊन लावली, काचा वर केल्या आणि आत जाऊन बसले. डोळे मिटून. पाच मिनिटं पुढं, मग मागं. मग मागच्या सीटवर चक्क पालथे पडले, गाल सीटला लावून. मी बाहेर सावलीत उभी होते आणि मला घाम फुटला होता. अर्ध्या तासानं ते निथळत बाहेर आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मागच्या सीटखाली, उजव्या अंगाला."

सीट उचकटली. खाली एक पत्र्याचं झाकण, त्याखाली टाकीचं तोंड आणि त्यावरची रबराची रिंग. मिस्त्रींनी खिशातून शाळेतला पांढरा खडू काढला, त्याची पूड करून रिंगेभोवती भुरभुरली आणि मला गाडी मागून पुढं ढकलायला, हलवायला लावली. खडूची पूड एका जागी, नखाएवढी, ओली होऊन काळपटली. रिंग तिथं तडकलेली होती. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल तिथवर चढायचं. गुरुवारपर्यंत पातळी उतरली की वास गायब.

रिंग बदलायला दहा मिनिटं लागली. पण त्याआधी त्यांनी मला वाकून तो डाग बघायला लावला. "बघा. नीट बघा. भास म्हणत हुते न्हवं?"

नाकाला खोटं म्हणू नये, हा त्यांचा एकमेव सिद्धांत. डोळे फसतात, कान तर रोजच फसतात, पण नाकाला येतो म्हणजे येतो. एकदा माझ्यासमोर एक जोडपं आलं. नवरा सांगत होता, "हिला सगळीकडंच वास येतोय वो मिस्त्री, काय न्हाय त्यात." मिस्त्रींनी त्याला हातानं थांबवलं. "पावणं, तुमी भाईर चा घ्या जावा. ज्याला वास येतोय त्यानंच आत यायचं." आणि त्या बाईला समोर बसवून तासभर खोदून खोदून विचारलं. चढाला जास्त येतो का? ब्रेक लावल्यावर? पंखा चालू केल्यावर? ती बाई आधी चाचरत होती, मग अशी सुटली की तिचा नवरा चहाचा ग्लास हातात धरून दारात येऊन ऐकत राहिला.

म्हणजे माणूस कडक होता असं नाही. आमच्याच जयसिंगपूरकडचा एक व्यापारी नवी कोरी गाडी घेऊन आला होता. तिच्यात फक्त शनिवारी वास यायचा. व्यापारी संतापलेला, सोबत म्हातारे वडील, गप्पगार. मिस्त्रींनी डिकी उघडली, नाक आत घातलं, म्हाताऱ्याकडं एक नजर टाकली आणि जाहीर केलं, "रबर कुजलंय. बदलतो." मुलगा फोनवर बोलत लांब गेला तसे ते म्हाताऱ्याच्या कानाशी लागले. "आण्णा, फवारणीच्या पंपाचं पेट्रोल किटलीत घालून नेताय न्हवं रानात? पोराच्या नव्या गाडीतनं?" म्हातारा लाजून हसला. "झाकण सैल हाय किटलीचं. आता सायकलवरनं न्या." चांगलं रबर काढून दुसरं चांगलं रबर बसवलं आणि गाडी दिली. मी म्हटलं, "मिस्त्री, हे खोटं झालं की." तर म्हणाले, "वास खरा हुता का न्हाय? मग झालं. पोराला गाडी बदलून मिळंल, बाप मिळतोय व्हय?"

असा हा माणूस मला प्रत्येक भेटीत जाता जाता एक विचित्र प्रश्न विचारायचा. "हातकणंगल्याच्या म्होरं डाव्या हाताला लिंब हाय बघा. पालवी आली का वो त्याला?" कडुलिंबाचं झाड होतं खरं, उसाच्या कडेला. रस्त्याकडची निम्मी बाजू वठलेली. मी सांगायची, "पलीकडून आहे, अलीकडून नाही." ते मान हलवायचे. मला वाटायचं, असतो एकेकाला झाडांचा नाद. शेवटी एकदा मीच विचारलं, "तुम्हीच का नाही बघून येत?"

"त्या रस्त्यानं मी जात न्हाय," ते म्हणाले. आणि मग स्टुलावर बसून, हातातला पाना कापडानं पुसत पुसत, त्यांनी मला सांगितलं.

त्यांना थोरली बहीण. आक्का. जयसिंगपूरजवळच्या खेड्यात दिलेली. वीसेक वर्षांपूर्वी दसऱ्याच्या तोंडावर आक्का आणि दाजी व्हॅन घेऊन कोल्हापूरला आले होते. दाजींनी इथं, याच शेडपुढं, व्हॅन उभी केली आणि म्हणाले, पेट्रोलचा वास मारतोय, बघा जरा. मिस्त्रींच्या पुढं तीन गाड्या उघडून ठेवलेल्या, सणामुळं गिऱ्हाइकांची घाई आणि गालात तंबाखू. "तवा मी तंबाखू खाईत हुतो. बसल्यालो उठलो, काचंतनं डोस्कं आत घातलं आन म्हणालो, दाजी, वास गाडीत न्हाय, तुमच्या नाकात बसलाय. जावा निवांत." दाजी गेले. वाटेत आक्काला गडमुडशिंगीला माहेरी सोडलं आणि एकटेच पुढं निघाले. हातकणंगल्याच्या पुढं, त्या लिंबापाशी, व्हॅन पेटली. दाजी आतच गेले.

"तंबाखू थुकून नाक लावलं असतं तर..." मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा पाना पुसायला लागले. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

"आणि आक्का?"

"आक्का एक शबुद बोलली न्हाय. आजतागायत न्हाय. दर भाऊबिजेला येती, ओवाळती, जाती. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं वो बाई."

म्हणून ते उपास. तंबाखू त्या दिवशी सुटली ती सुटलीच. मला एकदम त्यांची भीती वाटली, खोटं का बोलू. मी ज्याला कौतुकानं कारागिराचा विक्षिप्तपणा समजत होते, ते वीस वर्षं चाललेलं प्रायश्चित्त होतं. त्यानंतर त्या लिंबापाशी आले की माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जायचा.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत मिस्त्री बारा दिवस तापानं पडून होते. वाचले. पण वास गेला. अनेकांचा गेला होता, महिन्या-दोन महिन्यांत परतही आला. मिस्त्रींचाही आला, पण एकच आला. पेट्रोलचा.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते निम्मे झाले होते. "भातात पेट्रोल, बाई. पाण्यात पेट्रोल. नातू झालाय मला, त्याच्या टाळूला नाक लावलं तर तितं बी पेट्रोलच." डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होतं कधी कधी, वासाच्या शिरा दुखावल्या आहेत, हा भास आहे, जाईल हळूहळू. नाहीतर नाहीही जाणार.

परिणाम असा झाला की मिस्त्री गाड्या परत देईनात. साधं क्लचचं काम घेऊन आलेली गाडीही त्यांना वासाची वाटायची. ते ती पुन्हा उघडायचे, नळ्या बदलायचे, खडू भुरभुरायचे. खडू कोरडाच राहायचा. तरी देत नसत. गिऱ्हाइकं भांडायची, ओढून न्यायची आणि परत यायची नाहीत. मी ब्रेकच्या कामाला गाडी टाकली तेव्हा शेडमध्ये आणखी एकच गाडी होती. तिच्यावर धूळ बसली होती.

माझी गाडी आठ दिवस मिळाली नाही. मी एसटीनं जात होते, परीक्षा तोंडावर होत्या, पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मिस्त्री, गाडीला काहीही झालेलं नाही. भास आहे तो तुमचा."

शब्द तोंडातून गेला आणि मला माझीच लाज वाटली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सर्व्हिस सेंटरमध्ये मी जशी उभी होते, अगदी तसे ते उभे होते.

"असंल," ते म्हणाले. "पर चावी देत न्हाय."

आठव्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. त्यानंतर मिस्त्रींना मी पाहिलेलं नाही. पुढच्याच महिन्यात शेड बंद झालं आणि ते मुलाकडं पुण्याला गेले असं चहावाल्यानं सांगितलं. म्हणून त्या दिवसाचं जेवढं आठवतं तेवढं जसंच्या तसं लिहिते.

माझी गाडी उन्हात उभी होती. काचा वर. मागच्या सीटवर एक सडपातळ म्हातारी डोळे मिटून ताठ बसली होती, पदर कमरेला खोचलेला. मिस्त्री काचेबाहेर ओणवे होऊन तिच्याकडं बघत होते. "आक्का हाय," मला म्हणाले. "मुडशिंगीत आली हुती. तिचं नाक चांगलं हाय. कालपासनं कांदा खाल्ला न्हाय तिनं."

थोड्या वेळानं आक्कांनी दार उघडलं. "न्हाय रं बंडा. कसलाच वास न्हाय."

"नीट बघ."

"बघितलं की."

"आनी एकदा बस."

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा आक्कांचा चेहरा लालबुंद झाला होता, पोलकं घामानं चिकटलं होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, पुरे आता. चक्कर येऊन पडतील त्या."

"तुमी मधी बोलू नगा बाई." ते माझ्याकडं वळलेही नाहीत. दार धरून ते खाली वाकले, आक्कांच्या तोंडासमोर आले. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी बहिणीच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाहिलं असावं. "आक्का, येक इचारतो. त्या दिशी दाजींच्या गाडीत तू बी मागंच बसलतीस. अशीच. येत हुता का गं वास?"

आक्का सीट कव्हरचा निघालेला एक दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या.

"येत हुता," त्या म्हणाल्या.

"लई?"

"डोळ्यातनं पानी यावं येवढा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू न्हाय म्हणालतास की." त्यांचा आवाज चढला. बोळात ऐकू जाईल एवढा. "चार गिऱ्हाइकं उभी हुती तुझ्या दारात. नवऱ्याम्होरं भावाचा शबुद कसा खाली पाडायचा? घरला गेल्यावर वरीसभर ऐकवलं असतं मला, तुझ्या भावाला धंदा येत न्हाय म्हणून. गप बसलो. मुडशिंगीत उतारलो तवा बी तोंडावर आलतं, थांबा म्हणावं. मग म्हणलं, बंडा मिस्त्री हाय, त्याला कळतंय. मला बाईमान्साला काय कळतंय?"

मग बारीक आवाजात म्हणाल्या, "वीस वर्सं तुला वाटतंय मी तुझ्यावर रागावलोय. मी कुठल्या तोंडानं रागवू, बंडा?"

मिस्त्री गाडीच्या चाकाला टेकून खाली जमिनीवर बसले. मी तिथून निघून जायला हवं होतं. माझा काय संबंध होता? पण मी तिथंच उभी होते. चहावालाही हातातली किटली तशीच धरून उभा होता. दोघं बहीण-भाऊ, एक गाडीत आणि एक चाकाशी, कुणीच रडत नव्हतं. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं, "आन आता? ह्या गाडीत?"

"आता न्हाय," आक्का म्हणाल्या. "येत असता तर येतोय म्हणालो असतो. आता तुझं बी ऐकायची न्हाय मी, आन कुनाचं बी न्हाय."

मिस्त्री उठले. आक्कांना हात देऊन बाहेर काढलं, तांब्या त्यांच्या हातात दिला. मग शेडमधल्या खिळ्यावरची माझी चावी काढून आणली. मी सीटवर बसले. चावी देताना ते खिडकीशी वाकले आणि आक्कांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "मला अजून येतोय, बाई. जोरात येतोय. पर तुमी जावा."

मी गाडी सुरू केली आणि निघाले. वळणापाशी आरशात पाहिलं. ते गाडीमागं चालत बोळाच्या तोंडापर्यंत आले होते आणि भर रस्त्यात उभे होते. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आक्कांनी त्यांचा दंड धरून त्यांना कडेला ओढलं. ते ओढले गेले, पण त्यांची नजर माझ्या गाडीवरून हलली नाही.